बुधवारचे सतरा फोन

त्याचं नाव इथे लिहिणार नाही. त्याने काही अडतही नाही, कारण सात वर्षांच्या सोबतीत मी त्याला नावाने हाक मारल्याचं मला आठवत नाही. तो अकोल्याच्या ऑफिसात बसायचा, मी अमरावतीच्या. फोन लागला की मी म्हणायचो, “अकोला?” आणि तिकडून यायचं, “बोल अमरावती.” पुढे सवयच पडली. समोरासमोर भेटलो तरी तेच. एकदा बडनेरा स्टेशनावर त्याने मला लांबून “ए अमरावती” अशी हाक मारली, तर बाकावरच्या एका म्हाताऱ्याने त्याला समजावलं, बाबू, अमरावतीची गाडी पलीकडून सुटते.

आमची संस्था शेतकऱ्यांना फोनवर सल्ला द्यायची. फुकटचा नंबर होता, खेड्यापाड्यांतल्या कृषी केंद्रांच्या भिंतींवर रंगवलेला. फोन अकोल्याच्या हॉलमध्ये लागायचे. तिथे सहा जण हेडफोन लावून बसायचे, आणि प्रत्येक फोन हॉलमागच्या खोलीतल्या सर्व्हरवर रेकॉर्ड व्हायचा. सर्व्हर म्हणजे एक मोठा, सतत घोंघावणारा संगणक, ज्याच्या भरवशावर बाकीचे सगळे चालतात. आमचा जुना होता. कुठल्याशा कंपनीने वापरून काढला आणि संस्थेला देऊन टाकला. तो सांभाळायचं काम आम्हा दोघांचं. अकोला हाताने सांभाळायचा, मी नव्वद किलोमीटरवरून तारेने.

ते तारेचं थोडं सांगतो, कारण पुढचं सगळं त्यावरच आहे. अशा यंत्राला एक धाकटा मेंदू असतो. थोरला अडकला, झोपला, वेडावला, तरी धाकटा जागा राहतो. त्याच्यापर्यंत जायची वाट वेगळी. त्या वाटेच्या दाराला कन्सोल म्हणतात. काळी खिडकी, पांढरी अक्षरं, बाकी काही नाही. तिथे ‘रिसेट’ एवढा शब्द टाइप केला की यंत्र एकदाच विचारतं, नक्की का? ‘येस’साठी वाय दाबायचं. मग तिकडे पंखे एकदम जोरात फिरतात, आणि यंत्र सगळं विसरून पहिल्यापासून उठतं.

सगळं म्हणजे डिस्कवर लिहिलेलं सोडून. डिस्कवरचं राहतं. पण यंत्राच्या चालत्या आठवणीत एक तात्पुरता कप्पा असतो, तिथे ठेवलेलं यंत्र चालू आहे तोवरच असतं.

रिसेट करायची आमची एक रीत होती, ती अकोल्याने घातलेली. मी फोन करायचो, म्हणायचो, मशीन अडकलं, रिसेट मारतो. तो म्हणायचा, थांब. मग हॉलमध्ये जाऊन सहाही जणांचे फोन संपल्याचं बघायचा, मागच्या खोलीत यायचा, आणि यंत्राच्या झाकणावर तळवा ठेवायचा. तळवा ठेवून झाला की म्हणायचा, “घे.” तेव्हाच मी वाय दाबायचं. पहिल्यांदा मी हसलो होतो. म्हटलं, हात कशाला ठेवतोस, पळून जाते का ती? तो म्हणाला, “जनावराले सुई टोचतांनी कोनी मान धरते का नाई? तसं.” फूलमाळ्याच्या घरातला माणूस. त्याचं सगळं असंच, जनावरं नाहीतर रोपटी.

उन्हाळ्यात दुपारी ते यंत्र अडकायचंच. मी घायकुतीला यायचो. तो म्हणायचा, “राहू दे, दम घेऊन राह्यली. अर्ध्या तासात येते.” आणि ते यायचं. दहादा मी ते पाहिलं आहे. हे मुद्दाम लिहून ठेवतो.

दुसरं त्याचं काम बॅटऱ्यांचं. वीज गेली तर यंत्र बंद पडू नये म्हणून आठ बॅटऱ्या होत्या. अकोल्याच्या उन्हात त्यांचं पाणी उडून जातं, त्यामुळे दर सोमवारी तो एकेक झाकण उघडून पाणी भरायचा, आणि भिंतीवर खडूने तारीख लिहायचा. त्याला ते काम आवडायचं. झाडांना पाणी घातल्यासारखं वाटते म्हणायचा.

आता त्याच्या वडिलांचं.

मूर्तिजापूरच्या अलीकडे त्यांचं वावर. शेवंती, झेंडू, बांधाला वांगी. वडिलांची इच्छा की पोराने वावरातच राहावं. तो संगणक शिकला, नोकरीला लागला आणि बोलणं थांबलं. भांडण काही झालं नव्हतं. एका घरात राहून, एका पंगतीला बसून, दोघं आईच्या मार्फत बोलायचे. “त्याले सांग, गाडीचं पंक्चर काढलं म्हना.” “त्याइले सांग, कळलं म्हना.” जवळजवळ सात वर्षं असं चाललं. तो मला हे हसत सांगायचा. मीही हसायचो. माझ्या घरी काय वेगळं होतं? माझे वडील माझ्याच घरात पुढच्या खोलीत होते, आणि आमच्यात तर मधे आईही उरलेली नव्हती.

जेवणाच्या सुट्टीत हॉलमधले सगळे उठायचे, तेव्हा अकोला एक हेडफोन लावून बसायचा, कुणाचा फोन वाया जायला नको म्हणून. अशाच एका बुधवारी दुपारी फोन आला. फोन लागला की आधी सूचना वाजायची, की हे संभाषण रेकॉर्ड होत आहे. सूचना संपली, आणि त्याच्या वडिलांचा आवाज आला.

“नमस्कार साहेब. सूचना आयकली म्या. होऊ द्या रेकॉर्ड. मी फुलावाला शेतकरी बोलून राह्यलो. शेवंतीच्या पानाले काळे डाग पडून राह्यले, तं काय करा लागन?”

अकोल्याने आवाज ओळखला. त्याच्या वडिलांनीही नक्कीच ओळखला असणार, कारण आईने त्यांना सांगून ठेवलं होतं की दुपारच्या सुट्टीत तिथे कोण बसतं. पण दोघंही पाहुण्यासारखे बोलले. याने ‘बोला काका’ म्हटलं, पाणी पानांवरून देता की बुडाला ते विचारलं, औषध सांगितलं. त्यांनी ‘उपकार झाले साहेब’ म्हटलं आणि फोन ठेवला. संध्याकाळी घरी पुन्हा मुके. पुढच्या बुधवारी पुन्हा फोन.

सतरा बुधवार. पहिले चार-पाच फोन शेवंतीचे. मग हळूहळू शेवंती मागे पडली. एकदा म्हणाले, “साहेब, तुमी जेवले का?” याने म्हटलं, जेवतो काका, आताच. तर म्हणाले, “जेवत जा. आमच्या घरी एक पोट्टा हाये, डबाच नेत नाई. लाजते का काय त्या ऑफिसात भाकर खायाले, कोन जाने.” अकोला म्हणाला, त्याला सांगा ना काका. तर म्हणाले, “तो बोलत नाई नं आपल्यासंगं.”  मग अकोला म्हणाला, “नेईन तो. उद्यापासून नेईन.” दुसऱ्या दिवसापासून तो डबा न्यायला लागला.

हे त्याने मला सगळं सांगितलं होतं असं नाही. हे मी ऐकलेलं आहे. तिथपर्यंत येतो.

संस्थेचा नियम होता की तीन महिन्यांहून जुने फोन पुसायचे. डिस्क लहान, फोन ढीगभर. दर शनिवारी एक प्रोग्राम आपोआप झाडू मारायचा. अकोल्याने मला विचारलं, बुढ्याचे फोन वाचवता येतील का? माझ्याच हातात होतं ते. रेकॉर्डिंग बाहेर काढायची परवानगी त्याला नव्हती. नियमाने मलाही नव्हती, पण मला येत होतं. मी म्हटलं, काढून देतो. तोवर तात्पुरत्या कप्प्यात एक फोल्डर करून दिलं. दर बुधवारचा फोन डिस्कवरून उचलून मी तिथे हलवायचो, म्हणजे दुसऱ्या कुणाच्या कानी पडू नये, आणि तिथे झाडू पोचायचा नाही. तो म्हणाला, पन ते मशीन बंद पडली का जाते नं? मी म्हटलं, बंद आपण पडू देतो का? आणि रिसेट करायचा असला तर मी दहा मिनिटांपुरतं ते फोल्डर बाजूला काढून ठेवीन, मग परत टाकीन. यंत्र पुरतं अडकायच्या आत दोनदा तसं केलंही.

सीडीवर उतरवायला एक दुपार लागली असती. ‘काढून देतो’ असं मी त्याला किती वेळा म्हणालो ते मोजलेलं नाही.

तो कप्पा मला उघडा होता. एका संध्याकाळी ऑफिस सुटल्यावर मी सहज पहिला फोन ऐकला. मग दुसरा. पुढे रीतच झाली की दर बुधवारी संध्याकाळी, सगळे गेले की, त्या दुपारचा फोन ऐकायचा आणि मग घरी जायचं. घरी पुढच्या खोलीत वडील टीव्हीसमोर बसलेले असायचे. मी चपला काढायचो, ते पाय जवळ घ्यायचे, मी आत जायचो. कधी वाटायचं, आपणही म्हणून बघावं, जेवले का? तोंडातून निघायचं नाही. दुसऱ्याच्या बापाचा आवाज मात्र कानात असायचा. चोरीच होती ती. पण त्या काळात आठवड्यातला तेवढा एकच दिवस होता, ज्याची मी वाट बघायचो.

चैत्रात त्याचे वडील गेले. सकाळी फुलं तोडता तोडता बसले ते उठलेच नाहीत. मंगळवार होता. अठरावा फोन झाला नाही.

तिसऱ्या दिवशी त्याचा मला फोन आला. आवाज बसलेला. म्हणाला, “अमरावती, ते फोल्डर हाये नं?”

म्हटलं, आहे.

“घरी बोललो नाई म्या त्याइच्यासंगं. आखरीपर्यंत नाई बोललो. तेवढंच हाये आता. तेरवी झाली का येतो, मंग तू काढूनच देजो.”

म्हटलं, देतो.

तेरवीच्याच दिवशी संस्थेला मदत देणारे पाहुणे आले, अमरावतीला. सकाळी अकराची वेळ. आमचे संचालक त्यांना माझ्या खोलीत घेऊन आले, अकोल्याचं काम इथून चालू कसं दिसतं ते दाखवायला. माझ्या खुर्चीमागे पाच जण उभे. मी स्क्रीन लावला, एक फोन दाखवला, दुसरा दाखवायला गेलो, आणि यंत्र अडकलं. ऊन तापलेलं होतं. ते दम घेत होतं, दुसरं काही नव्हतं.

संचालक हळूच म्हणाले, “होईल ना?”

मी अकोल्याचा मोबाइल लावला. वाजून वाजून थांबला. पुन्हा लावला. तेरवीच्या घरात कोण फोन घेऊन बसतं? मोबाइल कुठल्या तरी कोनाड्यात असणार. अकोल्याच्या ऑफिसला फोन करून मी एवढंच म्हटलं की सगळ्यांना फोन ठेवायला सांगा. मागे पाहुण्यांपैकी कुणीतरी घड्याळ बघितलं. त्यांना पुढे गाडी गाठायची होती.

मला म्हणता आलं असतं, अर्धा तास द्या, चहा घ्या. कुणी खाल्लं नसतं मला. मी कन्सोल उघडला. रिसेट टाइप केलं. यंत्राने विचारलं, नक्की का?

आजवर मी कुणाला सांगितलं नाही ते हे, की मला फोल्डर आठवलं, आणि अडकलेल्या यंत्रातून ते बाजूला काढता येणार नाही हेही. विसरलो असतो तर आज लिहायला बसलो नसतो. वायवर बोट होतं आणि मला ‘होऊ द्या रेकॉर्ड’ हे शब्द जसेच्या तसे ऐकू आले. आणि त्याच्याही खाली, कुठून आलं कोण जाणे, एक वाक्य आलं, की सतरा वेळा तर बोलला त्याचा बाप त्याच्याशी. माझा एकदाही नाही.

बोट दाबलं गेलं असं मी बरीच वर्षं स्वतःला सांगत आलो. गेलं नाही. मी दाबलं.

यंत्र सहा मिनिटांत उठलं. पाहुणे खूश झाले. ते गेल्यावर मी तो कप्पा उघडला. रिकामा होता, होणारच होता. तरी मी दोन-तीनदा उघडून पाहिला.

इथपर्यंत पाप असलं तरी उघड होतं, सांगून टाकण्यासारखं होतं. पण त्याच दिवशी दुपारी अकोल्यात दहा मिनिटं वीज गेली. बॅटऱ्यांनी ती दहा मिनिटं नीट पेलली. यंत्राने डोळाही मिटला नाही, माझ्या स्क्रीनवर मला दिसत होतं. संध्याकाळी संचालकांनी विचारलं, सकाळी काय झालं होतं? तो आठवड्याचा अहवाल मलाच लिहायचा होता. मी लिहिलं की अकोला येथे वीज खंडित झाली, बॅटरीचा आधार मिळाला नाही, यंत्र बंद पडून पुन्हा सुरू झालं. वेळ थोडी इकडेतिकडे केली. कोण बघतं?

अकोला दोन दिवसांनी कामावर आला. डोकं भादरलेलं. त्याने अहवाल वाचला, मग भिंत पाहिली. दोन सोमवार चुकले होते, खडूची तारीख नव्हती. त्याने मला फोन केला तेव्हा मी मनाशी ठरवून ठेवलं होतं की सांगायचं. पण तो आधी बोलला.

“माह्यामुळं गेले नं रे ते. पानी नाई भरलं म्या. कोनाले सांगून तरी जा लागत होतं.”

मी म्हटलं, अरे, तू दुःखात होतास.

असं म्हणालो मी. ते वाक्य मला अजून झोपेतून उठवतं. त्याला ते सांत्वन वाटलं. तो म्हणाला, तू नको मनाला लावून घेऊस, तू तं सांभाळूनच ठेवले होते.

दोन महिन्यांनी त्याने नोकरी सोडली. संस्थेने काढलं नाही, उलट संचालकांनी थांबवूनही पाहिलं. तो वावरात गेला, शेवंती लावायला लागला. मी स्वतःची समजूत घातली की बरंच झालं, बापाची इच्छाच होती. समजूत घालायला माणसाला काहीही पुरतं. त्याचे फोन यायचे दिवाळीला, पोळ्याला. मी उचलायचो, दोन मिनिटं बोलायचो, काम आहे म्हणायचो. मग ते यायचे थांबले. त्याच्या जागी दुसरा आला, हुशार होता, पण रिसेट म्हटलं की तिकडून फक्त “ओके सर” यायचं. झाकणावर तळवा ठेवून “घे” म्हणणारं कुणी मला पुन्हा भेटलं नाही. सहा वर्षांपूर्वी माझे वडील गेले. जेवले का, हे मी त्यांना दवाखान्यात विचारलं. तेव्हा त्यांना नळीतून देत होते.

यंदा संस्थेने सगळं काम भाड्याच्या, कुठल्याशा दूरच्या यंत्रांवर हलवलं. अकोल्याचं जुनं यंत्र भंगारात काढायचं ठरलं. ते कायमचं बंद करायला मी गेलो. आता मी त्रेपन्न वर्षांचा आहे, या यंत्राच्या सगळ्या खोडी माहीत असलेला संस्थेतला शेवटचा माणूस. हॉल रिकामा होता, हेडफोन एका खोक्यात भरलेले. मागच्या खोलीत बॅटऱ्या नव्या, पण भिंत तीच. खडूच्या तारखा अजून होत्या. त्याचं अक्षर. सोमवारामागून सोमवार, आणि मग खाली नुसता चुना.

मी लॅपटॉपची तार कन्सोलला लावली. त्या धाकट्या मेंदूची स्वतःची एक नोंद असते. कुणी कधी काय आज्ञा दिली ते तो लिहून ठेवतो, आणि रिसेटने थोरला सगळं विसरला तरी याचं पुसलं जात नाही. मला ते पहिल्यापासून माहीत होतं. पुसताही आलं असतं, पुसलं नाही. का ते सांगता येत नाही. वर सरकवत गेलो. सापडलं. ती तारीख, सकाळची वेळ, रिसेट, आणि पुढे माझ्या लॉगिनचं नाव. वीज गेल्याची ओळ खाली होती, दुपारची, आणि तिच्यापुढे लिहिलेलं, बॅटरीवर चालू, दहा मिनिटं, वीज परत आली.

त्या दोन ओळी मी कागदावर हाताने उतरवून घेतल्या. माझ्या तोंडावर माझाच भरवसा नव्हता. मग झाकणावर स्वतःचा तळवा ठेवला. गरम होतं. बंद केलं.

परतताना मूर्तिजापूरला उतरलो. ऑटोवाल्याला फुलांचं वावर म्हटलं तर त्याने नाव न विचारता नेलं.

तो लिंबाखाली बसून शेवंती टोपल्यांत भरत होता. वरून ओलं पोतं टाकायचं, पुन्हा भरायचं. केस पांढरे झालेले. मला पाहून उठला नाही, पण तोंडभर हसला. “आली काय अमरावती? गाडी चुकली वाट्टे.”

मी खाली बसलो. त्याची बायको घरातून आली, तिला तो म्हणाला, हे अमरावती. ती म्हणाली, “हेच का ते? मले वाटे मोठं शयर असन. हे तं वाळून गेले बाप्पा.” आणि चहा ठेवायला आत गेली. तेवढ्यात सांगायला हवं होतं. मी खिशातून कागद काढून त्याच्या हातात दिला. त्याने वाचला. यंत्राची भाषा तो विसरला नव्हता. पुन्हा वाचला.

मी म्हटलं, “अकोला, बॅटरी टिकली होती. तुझं पाणी पुरलं होतं. मी बंद पाडली.”

त्याने कागद गुडघ्याखाली दाबला, वाऱ्याने उडू नये म्हणून, आणि फुलं भरायला लागला. अख्खी एक टोपली भरली. ओलं पोतं टाकलं. मग विचारलं, आणि तेवढंच विचारलं.

“फोल्डर याद होतं?”

“होतं.”

“वाय दाबतांनी?”

“हो.”

तो उठला. वावराच्या कडेच्या धुऱ्यापर्यंत चालत गेला आणि पाठ करून उभा राहिला. चहा आला, निवला. त्याच्या बायकोने दोघांकडे पाहिलं, टोपली ओढून घेतली आणि काही न विचारता ती भरायला बसली. मी जायला उठणार होतो. जावंसं वाटत होतं, आणि कुणी ठेवून घेतलं तर तिथेच राहावंसंही वाटत होतं.

तो परत आला तेव्हा डोळे लाल होते, पण आवाज साधा होता. “बारा वर्षं मी पान्याले दोष देऊन राह्यलो. सोमवार आला का हात खडू शोधते माह्या. तुले मालूम हाये का?”

मी म्हटलं, मालूम नव्हतं.

“आता झालं.”

मग मी उरलेलंही सांगितलं. की मी ते फोन चोरून ऐकायचो. सगळे. दर बुधवारी. त्याने मान वर केली. इतका वेळ तो माझ्याकडे पाहत नव्हता, आता पाहिलं.

“काहून?”

“माझे वडील बोलत नव्हते. तुझे बोलत होते.”

 बायकोचे हात थांबले होते. मग तो खाली बसला, माझ्यासमोर, अगदी जवळ, आणि म्हणाला, “मले आता त्याइचा आवाज याद येत नाई. बोलनं याद येते, पन मधलं मधलं. तुले याद हाये?”

“बरंचसं.”

“सांग.”

मी सुरू केलं. नमस्कार साहेब. सूचना आयकली म्या, होऊ द्या रेकॉर्ड. मी फुलावाला शेतकरी बोलून राह्यलो. माझा आवाज त्यांच्यासारखा नाही, ते जड, थांबून थांबून बोलायचे. पण कुठे थांबायचे ते मला माहीत होतं. काळ्या डागांपाशी आलो तेव्हा त्याने मला अडवलं. म्हणाला, डाग आधी नव्हते, आधी खोकले होते. मला ते आठवलं. खोकले होते. मी मागे जाऊन खोकल्यापासून पुन्हा सांगितलं. त्याची बायको पदर तोंडाला लावून हसली आणि मग रडली. तिने सासऱ्याला नवऱ्याशी बोलताना कधी ऐकलंच नव्हतं.

डब्याच्या फोनपर्यंत आलो तोवर गाडीची वेळ झाली. त्याने मला थांब म्हटलं नाही. माफ केलं असंही म्हणाला नाही, आणि मी विचारलं नाही. ऑटोपर्यंत पोचवायला बायको आली. तिच्या हातात शेवंतीचा पुडा होता. तो टोपल्यांपाशीच बसला होता, कागद अजून त्याच्या गुडघ्याखाली.

पुढच्या बुधवारी दुपारी, जेवणाच्या सुट्टीत, माझा मोबाइल वाजला.

“अमरावती, सातवा सांग.”

सातवा मी सांगितला. त्यात त्यांच्या विहिरीवरच्या मोटरची गोष्ट होती. तो ऐकत राहिला, शेवटी ‘बरं’ म्हणाला आणि फोन ठेवला. तेव्हापासून दर बुधवारी फोन येतो. कसा आहेस नाही, घरी काय म्हणतात नाही. आठवा सांग, नववा सांग. मी सकाळपासून मनात जुळवत असतो. एखादा शब्द परत सापडला की चालता चालता थांबतो.

मागच्या बुधवारी त्याने तेरावा विचारला. तेरावा मला येत नव्हता. फुलं, भाव, पाऊस, असं काहीतरी असणार, आणि त्यांच्या बोलण्याची ढब मला इतकी ठाऊक आहे की मी रचू शकलो असतो. तोंडापर्यंत आलंही होतं. नमस्कार साहेब एवढं म्हणून मी थांबलो. म्हटलं, “तेरावा आठवत नाही मला. गेला तो.”

तिकडे पानांची सळसळ ऐकू येत होती.

“जाऊ दे,” तो म्हणाला. “बनवून सांगू नको.”

मग म्हणाला, “चौदावा याद असन तं सांग.”